वळचणीचे पाणी

कोकणात वैशाख सरत आला, की घरोघर एक निराळीच लगबग सुरू होते. दिवस आंब्या-फणसांचे असतात, मुंबईहून आलेल्या माणसांनी घरे भरलेली असतात. तरीही घरातील वडील माणसांची नजर राहून राहून आकाशाकडे, आणि आकाशापेक्षाही अधिक आपल्या छपराकडे वळत असते. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी, ७ किंवा ८ जूनला, मृग लागतो. कोकणी माणूस त्याला ‘मिरग’ म्हणतो. घराची जी कामे मिरगापूर्वी व्हावयाची, ती मिरगापूर्वीच व्हावी लागतात. एकदा पावसाने ठाण मांडले, की ओल्या छपरावर पाय ठरत नाही, ओली माती फावड्याला चिकटते, आणि शेतातील पेरणी-लावणी सोडून घराकडे पाहावयास कोणालाही सवड राहत नाही.

ही घाई कशासाठी, हे समजण्यासाठी थोडे गणित केले पाहिजे. कोकणपट्टीत बहुतेक ठिकाणी वर्षाकाठी अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. मिलिमीटरांच्या आकड्यावरून पाण्याची कल्पना येत नाही. परंतु एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे तेथे बरोबर एक लिटर पाणी पडले, एवढे ध्यानात ठेवले की पुढचा हिशेब सोपा आहे. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असे एक मध्यम घर घ्या. तीन हजार मिलिमीटर पावसात त्या घराच्या छपरावर तीन लक्ष लिटर पाणी पडेल. एकाच दिवशी शंभर मिलिमीटर पाऊस होणे ही कोकणात अपूर्वाईची गोष्ट नव्हे. अशा दिवशी त्या छपरावरून दहा हजार लिटर, म्हणजे वीस लिटरांची घागर धरली तर पाचशे घागरी पाणी वळचणींवाटे खाली उतरते. ते कोठे जाते? घराची निगा राखणाऱ्याला पडणाऱ्या सर्व प्रश्नांत हा प्रश्न मोठा आहे. आणि त्याचे उत्तर बहुधा आपल्या कुंपणाच्या आत संपत नाही.

प्रथम छपराकडे पाहू. पूर्वी कोकणातील पुष्कळ घरांवर नळीची कौले असत. कुंभार ती आपल्या आव्यात भाजून देत. अर्ध्या चिरलेल्या नळीसारखे त्यांचे रूप; एक ओळ उताणी घालावयाची आणि दोन उताण्या ओळींच्या सांध्यावर दुसरी ओळ पालथी घालावयाची, अशी त्यांची रचना. ती एकमेकांवर नुसती टेकलेली असल्यामुळे वर्षभरात वानरांच्या उड्यांनी, मांजरांच्या धावपळीने आणि वाऱ्यानेही हलत. म्हणून दर वर्षी सगळी कौले उतरवून, झाडून, फुटकी वेगळी काढून पुन्हा बसवावी लागत. या कामाला शाकारणी म्हणतात. पुढे मंगळुरी कौले आली. बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि तेथील सपाट, खाचेची कौले गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावरील बंदरोबंदरी पोचली. या कौलांना एकमेकांत अडकणाऱ्या कडा असतात. त्यामुळे ती सहसा सरकत नाहीत. त्यांना दर वर्षी परतावे लागत नाही, पण दर वर्षी पाहावे मात्र लागते. एखाद्या कौलाला गेलेली केसाएवढी चीर उन्हाळ्यात दिसतही नाही. पावसात त्याच चिरेतून थेंब थेंब पाणी खालच्या वाशावर उतरते, वासा आतून कुजतो, कुजक्या लाकडाचा वास काढीत वाळवी येते, आणि तीन-चार वर्षांनी एका कौलाच्या किमतीचा आळस एका वाशाच्या किमतीला जातो.

शाकारणी हे एकट्याचे काम नव्हे. एक जण वर चढतो. रिपा आणि वासे कोठे आहेत हे त्याच्या अनवाणी पायांना ठाऊक असते, म्हणून तो कौलांवरून चालला तरी कौल फुटत नाही. दुसरा शिडीवर उभा राहतो. खाली अंगणात मुले आणि बाया ओळीने उभ्या राहून कौले हातोहात पुढे देतात. घरात एवढी माणसे कोठून असणार? तेव्हा आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी, असे करीत सारी वाडी पंधरा दिवसांत शाकारून होत असे. कोणी कोणास मजुरी देत नसे. ज्याचे काम असेल त्याच्या घरी जेवण व्हावयाचे, इतकेच. देशावर शेतीच्या कामात ज्याला सावड म्हणतात, तीच ही रीत. आता पुष्कळ घरांवर काँक्रीटचे छत आले आहे, काहींवर पत्रे आले आहेत, आणि शाकारणीचे काम जाणणारी माणसे थोडी उरली आहेत. गळके छप्पर सुटले याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. ज्यांनी मध्यरात्री गळणाऱ्या जागेखाली परात ठेवून अंथरुणे सरकवली आहेत, त्यांना काँक्रीटचे मोल विचारावे! परंतु शेजाऱ्याच्या छपरावर चढण्याचा एक दिवस वर्षातून नाहीसा झाला, आणि वरून दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी दिसेनाशा झाल्या. छपरावर उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्या घरच्या पाण्याची वाट तर दिसेच, पण शेजारच्या घरच्या पाण्याची वाटही दिसे.

छपराखालोखाल भिंती. कोकणातील पाऊस सरळ पडत नाही. समुद्रावरून येणारा वारा त्याला तिरपा करतो. ही झड मातीच्या भिंतीवर चार महिने बसली, तर भिंत पायथ्याशी खचते. म्हणून पश्चिमेच्या व दक्षिणेच्या बाजूला नारळीच्या झावळ्यांची विणलेली झापे उभी बांधण्याची पद्धत पडली. अलीकडे त्यांच्या जागी निळ्या ताडपत्र्या दिसतात. त्या लवकर बांधून होतात हे खरे. परंतु झापे भिंतीला वारा लागू देत, ताडपत्री तो देत नाही, हेही खरे. लाकूडफाटा आणि शेणी पडवीत रचणे, अंगणातील मांडव उतरविणे, गुरांचा पेंढा कोरड्यात नेणे, ही कामे तर चालूच असतात.

आता त्या दहा हजार लिटरांकडे वळू. वळचणीखाली जेथे पागोळ्या पडतात, तेथे जमिनीवर एक रेष उमटते. शहाणा गृहस्थ त्या रेषेवर दगड बसवितो, म्हणजे माती उडून भिंतीवर बसत नाही, आणि रेषेच्या बाहेरच्या अंगाने एक उथळ गटार काढतो. गटाराला उतार हवा. उतार कमी झाला तर पाणी साचते, फार झाला तर ते माती वाहून नेते. हे गटार परसातून जाऊन गडग्यापाशी पोचते. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची, चुन्या-मातीशिवाय नुसती रचून केलेली सीमेची भिंत. तिच्या तळाशी पाणी जाण्यासाठी एक भोक राखलेले असते. त्या भोकातून पाणी शेजाऱ्याच्या परसात उतरते, तेथून पुढच्या गडग्यातून पाणंदीत, पाणंदीतून वहाळात, आणि वहाळातून खाडीकडे. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ते वर जात नाही, म्हणूनच ते कोणाच्या तरी दारात जाते.

समजा, उतारावर दोन घरे आहेत, एक वर आणि एक खाली. वरच्या घरी यंदा अंगणात काँक्रीट घातले. शेणाने सारवावयास नको, चिखल नको, गाडी आत येते. सोय झाली यात शंका नाही. परंतु पूर्वी अंगणाच्या मातीत काही पाणी मुरत असे. आता पन्नास चौरस मीटरांच्या त्या अंगणावर शंभर मिलिमीटर पाऊस झाला, की जवळजवळ सगळे पाच हजार लिटर पाणी ताबडतोब खाली धावते. गडग्याचे भोक तेवढेच आहे. पाणी तुंबते, गडग्यावरून उसळते आणि खालच्या घराच्या मागील भिंतीला जाऊन लागते. खालच्या घरच्या माणसाला हे दिसते, ते भिंत ओली झाल्यावर. तो रागाच्या भरात गडग्याच्या भोकात दगड ठोकतो. मग पाणी वरच्या घराच्या परसात साचते आणि तेथील पोफळीच्या मुळांशी चार दिवस उभे राहते. आता दोघांचीही तक्रार खरी असते. कोकणातील न्यायालयांत बांधाचे आणि पाण्याचे दावे वर्षानुवर्षे का चालतात, हे यावरून समजून येईल.

कायद्याने या बाबतीत पुष्कळ पूर्वी विचार केलेला आहे. १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यात असे मानले आहे, की वरच्या जमिनीवर नैसर्गिक रीतीने पडलेले पाणी नैसर्गिक रीतीने खाली वाहत असेल, तर खालच्या जमिनीच्या मालकाने त्याला वाट दिली पाहिजे. पण यातील ‘नैसर्गिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. छपराचे आणि फरशीचे पाणी पन्हळीने एके ठिकाणी जमवून शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडण्याची मोकळीक या हक्कात येत नाही. म्हणजे भोकात दगड ठोकणाराही चुकला आणि पाण्याचा लोट सोडणाराही चुकला. तथापि पाऊस न्यायालयाच्या तारखेसाठी थांबत नाही. मे महिन्यातील एखादी सकाळ या कामी अधिक उपयोगी पडते.

“तात्या, पाऊस लागण्याआधी एकदा तुमच्या परसात येऊन उतार पाहू का? गेल्या वर्षी माझी मागची भिंत दिवाळीपर्यंत ओली होती.”

“ये की. विचारतोस काय? फावडे घेऊनच ये. मी घमेले काढतो.”

एवढ्यावर पुष्कळशी भांडणे मिटतात. मग दोघे मिळून अंगणाच्या खालच्या कडेला आडवा चर काढतात आणि त्याच्या टोकाला शोषखड्डा खणतात. सुमारे एक मीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा घ्यावयाचा. तळाशी मोठे दगड, त्यांवर लहान दगड, सर्वांत वर खडी भरावयाची. पाण्याबरोबर येणारा पालापाचोळा अडावा म्हणून तोंडाशी तळाला भोके पाडलेले मडके बसवून त्यात काथ्या घालावयाचा. मोठ्या पावसाचे सारे पाणी एका खड्ड्यात मावत नाही, हे उघड आहे. परंतु लोटाचा जोर मोडतो आणि काही पाणी जमिनीत जाते. जांभ्याच्या सच्छिद्र खडकात पाणी लवकर मुरते, आणि तितक्याच लवकर उतारावरून झिरपून निघूनही जाते. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत टँकरने पाणी आणावे लागते, याचे एक कारण तेच आहे. म्हणून जे पाणी शेजाऱ्याची भिंत पाडावयास निघालेले असते, त्याला वाटेत चार ठिकाणी थांबविले, तर दोघांच्याही विहिरींना उपयोग होतो. न्हाणीचे सांडपाणी मुरविण्याचा खड्डा मात्र विहिरीपासून दूर, निदान पंधरा मीटर अंतरावर हवा. या सांडपाण्याची जुनी व्यवस्था तर सर्वांना ठाऊकच आहे: न्हाणीमागे केळी आणि अळू लावावे. पाणी त्यांना मिळते आणि भाजी आपल्याला!

दोन घरांमधील पाणी दोघांनी मिळून वळविता येते. पण पुढे ते पाणंदीत शिरले म्हणजे काय? पाणंद ही दोन कुंपणांमधील अरुंद वाट. ती सर्वांची असते, म्हणून ती कोणाचीच नसते. प्रत्येक जण आपले अंगण आरशासारखे ठेवतो आणि केर पाणंदीत लोटतो. या सवयीवर आपल्या महाराष्ट्रात जर कोणी हाती खराटा घेऊन प्रहार केला असेल, तर तो गाडगेमहाराजांनी (१८७६–१९५६). विदर्भात जन्मलेला हा साधू गावात शिरला, की आधी गावाची वाट झाडू लागे, आणि रात्री कीर्तनाला उभा राही. ज्या वाटेला मालक नाही, तिच्यापासून त्यांनी सुरुवात केली, हे विशेष आहे. पाणंदीतील गटार उपसण्यासाठी वाडीतील प्रत्येक घरातून एक माणूस आला, तर काम अर्ध्या दिवसाचे असते. कोणी आला नाही, तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणंदीचा ओढा होतो आणि शाळेला जाणारी मुले गुडघाभर पाण्यातून जातात.

उघड्यावर वाहणाऱ्या पाण्यापेक्षा साचलेले थोडे पाणी अधिक घातक असते. मलेरियाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे सूक्ष्मदर्शकातून पाहिले. तेव्हापासून घराभोवती पाणी साचू न देणे हा आरोग्याचा पाठ झाला. डेंग्यूचा डास तर स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. नारळाची करवंटी, फुटका डेरा, गाडीचे जुने टायर, पोफळीची गळून पडलेली विरी, यांत ओंजळभर पाणी त्याला पुरते, आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी पालथी करावी, असे सांगतात. येथेही कुंपणाचा उपयोग नाही. हा डास फार दूर उडत नाही. जेथे जन्मला, तेथील आसपासच्या घरांतच तो फिरतो. आपण आपल्या करवंट्या पालथ्या केल्या आणि शेजारच्या परसात त्या उताण्या राहिल्या, तर ताप आपल्याही घरी येतो.

आणि शेजारचे घर बंदच असेल तर? कोकणात हा प्रश्न कल्पनेतला नाही. पोटासाठी माणसे मुंबईला गेली, त्यांची मुले तेथेच वाढली, आणि गावचे घर वर्षातून दोनदा, गणपतीत आणि उन्हाळ्याच्या सुटीत, उघडू लागले. बंद घर लवकर थकते. चूल पेटत नाही, त्यामुळे वाशांना धूर लागत नाही आणि कीड वाढते. खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे भिंतींची ओल बाहेर जात नाही. एक कौल सरकले तर ते कोणाला दिसत नाही. अशा घराची किल्ली बहुधा शेजाऱ्याकडे असते. तो अधूनमधून दारे उघडून वारा घालतो, वळचणीखालचे गटार साफ करतो. हे गटार तुंबले तर पाणी आपल्याकडे वळेल, हा त्याचा हिशेबही त्यात असतो, आणि असावाच. उपकाराच्या भावनेवर चाललेले काम एक-दोन पावसाळे टिकते. दोघांच्याही गरजेवर उभे असलेले काम अधिक टिकते. मुंबईकरानेही हे ओळखून मे महिन्यात येताना सुटीतील दोन दिवस शेजाऱ्याच्या घरच्या कामासाठी राखावेत. पेढ्यांच्या पुड्यापेक्षा शिडी धरणारा माणूस त्या दिवसांत अधिक दुर्मीळ असतो.

घराची कामे आटोपत आली, की परसाकडे हात वळतात. पडवळ, दोडके, काकडी, भेंडी, लाल भोपळा यांचे बी आदल्या वर्षीच राखेत घोळून, गाडग्यात घालून ठेवलेले असते. गाडगे उघडावे तर एखादे वर्षी बियांना कीड लागलेली निघते. मग मूठभर बी शेजाऱ्याकडून येते, आणि पुढल्या वर्षी आपल्याकडून त्याच्याकडे जाते. या देवघेवीचा हिशेब कोणी लिहून ठेवीत नाही. पण एकाच काकडीची चव वाडीतील दहा घरांत सारखी का लागते, त्याचे कारण त्यात आहे. आळी करून, मृगाच्या ओलीवर बी टोचावयाचे. वेल वर चढू लागला, की त्याला मांडव करावयाचा. वेलाला सीमा कळत नाही. तो गडग्यावर चढतो आणि पलीकडे फळतो. पलीकडे लोंबणारे पडवळ कोणाचे, यावर वाडीत काही दिवस थट्टा चालते आणि बहुधा ते ज्याच्या बाजूला लोंबते त्याच्या कढईत जाते. कोपऱ्यात हळदीचे कंद लावलेले असतात. नागपंचमीला पातोळ्यांसाठी त्यांची पाने लागतात आणि ज्यांच्याकडे हळद नाही, त्यांची मुले सकाळीच पाने मागावयास येतात.

मृगाची पहिली मोठी सर अनेकदा रात्री येते. कौलांवर आधी टपटप, मग एकच गजर. घरातील वडील माणूस उठतो, माजघरापासून पडवीपर्यंत हात वर करून कोठे थेंब लागतो का ते पाहतो आणि छत्री व फावडे घेऊन बाहेर पडतो. अंधारात पाण्याची वाट डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक कळते. वरच्या घराच्या बाजूनेही एक बॅटरी हलताना दिसते. तेही आपल्या गटाराच्या काठाकाठाने खाली उतरत असतात. दोघे गडग्याच्या भोकापाशी येतात. तेथे फणसाची पाने अडकून पाणी चढू लागलेले असते. एक जण बॅटरी धरतो, दुसरा वाकून हाताने पाने ओढून काढतो, आणि अडलेले पाणी खळाळत खालच्या पाटाला लागते.